कंपनी म्हणते ३२, मला हवेत ६४

प्रश्न (थोडक्यात): मी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावाच्या पाणलोटावर एम.एस्सी.चा प्रबंध करते आहे. ड्रोनने काढलेले सुमारे १,१०० फोटो जोडून त्यांचा एक सलग नकाशा आणि उंचीचा आराखडा तयार करायचा आहे. त्यासाठी वेबओडीएम हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर डॉकरमधून चालवते. लॅपटॉप थिंकपॅड टी४८०, आय५ प्रोसेसर आठव्या पिढीचा, रॅम १६ जीबी (८-८ च्या दोन स्टिक), एसएसडी २५६ जीबी. दादाने त्याच्या पहिल्या बोनसमधून मला हा रिफर्बिश्ड घेऊन दिला. काम सुरू केलं की तीन-चार तासांनी मेमरी अपुरी म्हणून बंद पडतं. असं दोन महिने चाललं आहे. या लॅपटॉपला कंपनी जास्तीत जास्त ३२ जीबी सांगते, पण ६४ चालते असं बऱ्याच जणांकडून ऐकलं. दुरुस्तीवाले म्हणाले, “३२ च्या वर टाकलं तर बोर्ड जळेल, मी हात लावणार नाही.” दादा म्हणतो, “कंपनीने लिहिलंय ते काय उगाच?” गाइड म्हणतात, नवा घ्या, पण नव्यासाठी पैसे नाहीत. दादाला न सांगता ६४ टाकून घेऊ का? आणि काही झालंच तर त्याला तोंड कसं दाखवू?

उत्तर:

६४ चं पुढे बघू. आधी आज तुमच्याकडे असलेल्या १६ बद्दल बोलू या, कारण त्या १६ तरी तुमच्या कामाला पोचतात का, याची मला शंका आहे.

डॉकरमधून चालवता म्हणजे वेबओडीएम थेट विंडोजवर चालत नाही. ते विंडोजच्या पोटात बसवलेल्या लिनक्सवर चालतं, म्हणजे डब्ल्यूएसएल२ वर. आणि आपण काही सांगितलं नाही तर या पोटातल्या लिनक्सला विंडोज एकूण रॅमच्या निम्मीच देतं. तुमच्या १६ पैकी ८. उरलेल्या ८ मधली विंडोजला लागली नाही तरी ती इकडे येत नाही. म्हणजे गेले दोन महिने तुम्ही ८ जीबीच्या बळावर १,१०० फोटो जोडायला बसला होता. बंद पडलं यात नवल नाही, आणि यात लॅपटॉपचा दोष नाही, तुमचाही नाही. ही गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

बदलायला पाच मिनिटं लागतात. डब्ल्यूएसएल नवं असेल तर स्टार्ट मेनूत ‘डब्ल्यूएसएल सेटिंग्ज’ नावाचं ॲप सापडेल. त्यात मेमरी आणि स्वॅप असे दोन आकडे असतात. मेमरी १२ जीबी करा, विंडोजसाठी ४ राहू द्या. स्वॅप ३२ जीबी करा. स्वॅप म्हणजे रॅम भरली की एसएसडीवरची जागा रॅमसारखी वापरायची. ती रॅमपेक्षा पुष्कळ हळू असते, पण काम मधेच मरण्यापेक्षा रांगत का होईना पुढे जातं. मग डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर जुनाच आकडा चालू राहील. २५६ च्या एसएसडीवर यासाठी जागा करावी लागेल, कारण वेबओडीएम स्वतःसुद्धा काम करताना डिस्क भरभरून वापरतं. मूळ फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवा.

एवढं करून आधी २०० फोटोंचा एक तुकडा चालवून बघा. तो तडीस गेला तर निदान दुखणं कशात आहे ते पक्कं होईल.

आता तुमची खरी गरज किती? वेबओडीएमच्या आत फोटो जोडण्याचं काम करणाऱ्या ओपनड्रोनमॅपच्या (ओडीएमच्या) माहितीत एक ढोबळ अंदाज दिलेला आहे: १६ जीबीत साधारण २५० फोटो, ३२ जीबीत ५००, ६४ जीबीत १,५००. फोटोंचा आकार आणि गुणवत्तेची पातळी यांवर तो बराच हलतो, पण १,१०० फोटो एका दमात जोडायचे तर ३२ तोकडे पडतील आणि ६४ पुरतील, एवढं त्यावरून दिसतं. म्हणजे तुमचं ६४ हे ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून मागितलेलं ६४ नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मला येणाऱ्या पत्रांपैकी पुष्कळांना रॅम वाढवून काहीच मिळणार नसतं. ब्राउझर, वर्ड आणि व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर रॅमचे पैसे एसएसडीत घाला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडून आपलं रोजचं काम चालू असताना किती वापरली जाते ते आठवडाभर बघा. १६ पैकी ९ वापरली जात असेल तर ६४ टाकून उरलेली ५५ नुसती बसून राहील.

एक मार्ग मात्र पैसे न घालताही उघडा आहे, तो सांगायलाच हवा. ओडीएममध्ये फोटोंचे गट पाडून वेगवेगळे जोडायचे आणि शेवटी गट एकत्र शिवायचे, अशी सोय आहे. त्या पर्यायाचं नाव ‘स्प्लिट’. नुसता वरून दिसणारा नकाशा हवा असता तर मी तुम्हाला इथेच थांबवलं असतं. पण तुमचा विषय पाणलोट आहे. दोन गटांच्या सांध्यावर उंचीत थोडाफार फरक राहू शकतो, आणि ज्या शेतातून सांधा जातो तिथे जमिनीवर नसलेली एक पायरी आराखड्यात उभी राहते. मग नकाशावरचं पाणी भलत्याच ओढ्याला वळतं. समतल चर कुठे खणायचे हे त्या आराखड्यावरून ठरणार असेल, तर ती पायरी म्हणजे लोकांची मजुरी वाया घालवणं आहे. जमिनीवर मोजून घेतलेले नियंत्रण बिंदू असतील तर फरक बराच आटोक्यात राहतो. तुमच्याकडे ते आहेत का, हे पत्रात नाही. असतील तर स्प्लिट करून बघा. नसतील तर सगळे फोटो एकत्र जोडण्याचा तुमचा आग्रह मला बरोबर वाटतो.

तर मुद्द्याचा प्रश्न: ३२ च्या वर जायचं का?

दादा विचारतो की कंपनीने लिहिलंय ते उगाच का. उगाच नाही. पण तो आकडा कशाचा आहे हे त्याला सांगा. टी४८० बाजारात आला २०१८ च्या सुरुवातीला. त्या वेळी लॅपटॉपमध्ये बसणारी डीडीआर४ ची, म्हणजे त्या पिढीच्या रॅमची, मोठ्यात मोठी स्टिक १६ जीबीची होती. स्लॉट दोन, म्हणून ३२. कंपनी जे तपासते त्याचीच हमी देते, आणि जी स्टिक दुकानातच नाही ती तपासणार कशी? सॅमसंगने लॅपटॉपसाठीची ३२ जीबीची स्टिक जाहीर केली ती २०१८ च्या मे महिन्यात, १६ गिगाबिटच्या, म्हणजे प्रत्येकी २ जीबीच्या, १६ चिपा दोन्ही बाजूंना बसवून. तोवर टी४८० चं माहितीपत्रक छापून झालेलं होतं. नंतर कोणी ते बदलायला बसलं नाही. जुन्या मॉडेलची पुन्हा चाचणी घेऊन कंपनीला काय मिळणार?

पण मी तुम्हाला अर्धीच बाजू सांगणार नाही. इंटेलसुद्धा तुमच्या प्रोसेसरच्या पानावर ३२ जीबीच लिहितं. म्हणजे दोन कंपन्यांचे दोन कागद एकच आकडा सांगतात. तरीही टी४८० मध्ये ३२-३२ च्या दोन स्टिक टाकून ६४ वापरणारे जगभर आहेत, आणि वर्षानुवर्षं वापरत आहेत. का चालतं? ८ गिगाबिटच्या चिपेतली ओळ शोधायला पत्त्याच्या १६ तारा लागतात, १६ गिगाबिटच्या चिपेला १७वी लागते. डीडीआर४ च्या ठरलेल्या आराखड्यात ती १७वी तार पहिल्यापासून आहे. प्रश्न एवढाच उरतो की प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग (मेमरी कंट्रोलर) आणि लॅपटॉप सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम (बायोस) तिचा उपयोग जाणतात का. तुमच्या मॉडेलमध्ये जाणतात, असा लोकांचा अनुभव आहे. त्यात कंपनीची हमी नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निर्णय घेताना दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा.

माझ्याकडे २०११ चा थिंकपॅड एक्स२२० होता. लॅपटॉपच्या कागदावर ८ जीबी, प्रोसेसरच्या कागदावर १६. मी ८-८ च्या दोन स्टिक टाकल्या आणि तो पुढे सहा वर्षं १६ जीबीवर चालला. २०१२ च्या १३ इंची मॅकबुक प्रोचंही तेच: ॲपल ८ सांगतं, १६ चालतात.

मात्र हे वाचून दुसऱ्या कोणी आपल्या लॅपटॉपसाठी लगेच स्टिक मागवू नये. काही मर्यादा कागदावरच्या असतात, काही खरोखरीच्या भिंती असतात. २००६ च्या थिंकपॅड टी६० मध्ये ४ जीबी टाकली तरी वापरायला ३ च्या आसपासच मिळायची. पुढचा पत्ता त्या चिपसेटला देताच येत नव्हता. इंटेलच्या दुसऱ्या पिढीपासून चौथ्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपांत एका स्लॉटला डीडीआर३ ची ८ जीबी हीच हद्द. त्यांच्या कंट्रोलरला ८ गिगाबिटच्या चिपा हाताळता येत नाहीत, त्यामुळे १६ ची स्टिक टाकली तर लॅपटॉप सुरूच होत नाही. एक्स२४० ला स्लॉटच एक, म्हणजे ८ वर विषय संपला. तुमच्या टी४८० चा सडपातळ भाऊ टी४८०एस, त्यात एक बाजू बोर्डालाच डकवलेली आणि स्लॉट एकच. कंपनी २४ म्हणते, ८ डकवलेल्या आणि स्लॉटमध्ये ३२ असे ४० त्यात चालतात, पण ६४ कधीच होणार नाहीत. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत तर सगळीच रॅम डकवलेली असते, तिथे खटाटोपच नको. आणि ३२-बिटी विंडोज असेल तर कितीही टाका, ४ च्या आतच खेळ.

आणखी एक फसगत: काही जण कमांड चालवून ‘कमाल क्षमता’ विचारतात आणि येणारा आकडा ब्रह्मवाक्य मानतात. तो आकडा मशीन मोजून सांगत नाही. बायोस लिहिणाऱ्याने एका तक्त्यात जे भरून ठेवलं तेच वाचून दाखवतं. त्यापेक्षा आपल्याच मॉडेलवर, आपल्याच प्रोसेसरवर कोणी काय टाकलं आणि किती दिवस चाललं, हा शोध जास्त कामाचा.

आता दुरुस्तीवाल्यांचं ‘बोर्ड जळेल’. त्यांना मी चूक म्हणणार नाही, त्यांनी जळलेले बोर्ड पाहिलेले असतील. पण ते कशाने जळले? डीडीआर४ ची स्टिक ८ जीबीची असो की ३२ ची, दोन्ही १.२ व्होल्टवरच चालतात. क्षमता वाढली म्हणून दाब वाढत नाही. बोर्डाला मोठी स्टिक झेपली नाही तर तो सुरू होत नाही, बीप देतो, नाहीतर कमी मेमरी दाखवतो. जुनी स्टिक परत लावली की पूर्ववत. नुकसान होतं ते वेगळ्याच कारणाने: आतली बॅटरी चालू असताना स्टिक काढली किंवा घातली, तिरकी दाबली, स्लॉटची बारीक क्लिप मोडली, किंवा हिवाळ्याच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून, अंगावर स्थिर वीज घेऊन बोर्डाला हात लावला. हे धोके १६ चे ३२ करतानाही तेवढेच असतात.

मला तुमच्यासाठी खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. लॅपटॉप सुरू झाला, ६४ दिसले, म्हणजे झालं, असं आपण धरून चालतो. मीही एकदा तसंच धरलं होतं. एका जुन्या लॅपटॉपसाठी वापरलेली स्टिक घेतली. पूर्ण क्षमता दिसली, तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एक दिवस घरच्या फोटोंची मोठी झिप फाइल उघडेना. दुसरी उघडली, पण आतले काही फोटो अर्ध्यावर राखाडी. रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपलो. पहाटे पाहिलं तर पडद्यावर लाल ओळींची रांग, आणि सगळ्या चुका वरच्या टोकाच्या एकाच पट्ट्यात. रोजच्या कामात रॅम तिथपर्यंत कधी भरतच नव्हती, म्हणून दुखणं लपून राहिलं. मोठं काम काढलं की ते त्या पट्ट्यात शिरायचं आणि बिघडलेला डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जायचा. त्या तीन आठवड्यांत डिस्कवर गेलेलं बरंच काही मला परत मिळालं नाही.

तुमचं काम तर रॅम काठोकाठ भरणारंच आहे. बंद पडलं तर निदान कळतं. न सांगता एखाद्या टेकडीची उंची चुकली तर कळणारही नाही.

म्हणून माझा सल्ला असा: ६४ कडे जा, पण एकदम दोन स्टिक घेऊ नका. आधी ३२ ची एकच घ्या आणि तुमच्याकडच्या एका ८ बरोबर लावा. झाले ४०. कंपनीची ३२ ची रेघ तिथेच ओलांडली जाते आणि तुमच्या मशीनला मोठ्या चिपा झेपतात की नाही हेही कळतं, तेसुद्धा निम्म्या खर्चात. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत. दोन स्टिकांची किंमत ऐकून तुमच्या दादाला लॅपटॉपची किंमत आठवेल, त्यामुळे हा टप्पा महत्त्वाचा. एक ३२ आणि एक ८ अशी जोडी असली की पहिली १६ जीबी दोन्ही मार्गांनी भरभर चालते आणि वरची २४ एकाच मार्गाने जरा हळू. तुमच्या कामात हा फरक सोसण्यासारखा आहे. कदाचित ४० जीबी, ३२ स्वॅप आणि गुणवत्तेची एक पायरी खाली एवढ्यातच तुमचे १,१०० फोटो पार पडतील आणि दुसरी स्टिक घ्यावीच लागणार नाही.

घेताना: डीडीआर४, लॅपटॉपची म्हणजे एसओ-डिम, २६० पिनांची, १.२ व्होल्ट. तुमचा प्रोसेसर २४०० च्या वेगाने चालवतो. ३२०० लिहिलेली मिळाली तरी हरकत नाही, ती २४०० वर उतरते. गेमिंगसाठी म्हणून वेग चढवून विकतात त्या नकोत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, बिलावर ‘टी४८० मध्ये न चालल्यास परत’ एवढं लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. वापरलेली स्टिक स्वस्त मिळेल, पण माझी वरची गोष्ट लक्षात असू द्या. परतीचे दिवस पुरेसे असतील तरच घ्या.

बसवण्याआधी जुनी रॅम आत असतानाच, चार्जर लावून बायोस अद्ययावत करा. विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बायोसमधलं काही बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि त्या वेळी ती हाताशी नसली तर प्रबंधासकट सगळं कुलूपबंद. प्रबंधाची एक प्रत आधीच लॅपटॉपबाहेर हवी, हे वेगळं सांगत नाही.

मग लॅपटॉप सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा. पॉवरच्या पानावर आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय आहे. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, मागची हाताने निघते, आतली अशी बंद करावी लागते. चार्जर काढा, मागची बॅटरी काढा. खालचे स्क्रू सैल करा आणि झाकणाच्या कडा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने हळूहळू सोडवा. टक टक आवाज येतो, तो क्लिपा सुटण्याचा असतो, घाबरू नका. बोर्डाला हात लावण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात टेकवा. स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकाच वेळी बाहेर सारल्या की स्टिक आपोआप वर उठते. नवी तशीच तिरकी धरून खाच जुळवा, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत आत सरकवा, मगच खाली दाबा. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय, काढून पुन्हा लावा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा एखादं मिनिट, कधी त्याहून जास्त, काळाच राहील. मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. बटण दाबून बंद करू नका. पाच मिनिटांनीही काही नाही, तर ३२ ची एकटीच लावून बघा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. तरीही नाही, तर जुन्या दोन्ही लावा आणि स्टिक बिलासकट परत करा.

सुरू झाला की विंडोजमध्ये जाण्याआधी मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून लावा आणि रात्रभर चालू द्या. त्यासाठी बायोसमधलं ‘सिक्युअर बूट’ तात्पुरतं बंद करावं लागू शकतं. एकसुद्धा चूक आली तर स्टिक परत. ‘एकच आहे, चालेल’ असं म्हणू नका. शून्य आली तरच डब्ल्यूएसएलचा आकडा वाढवा, ४० असताना ३४ पर्यंत. हा आकडा वाढवायचं विसरलात तर ४० मधल्या आधी ठरवलेल्या १२ च मिळतील आणि वाटेल की पैसे पाण्यात गेले. हायबरनेट चालू असेल तर विंडोज रॅमच्या ४० टक्के एवढी फाइल एसएसडीवर राखून ठेवतं. ६४ ला ती २५ जीबीच्या पुढे जाते. तुमच्या २५६ मध्ये ती परवडणार नाही, हायबरनेट बंद करा.

आणि अपेक्षा ठेवताना एवढं लक्षात घ्या की रॅम वाढली म्हणून तुमचा प्रोसेसर बदलला नाही. काम बंद पडायचं थांबेल, चुटकीसरशी होणार नाही. १,१०० फोटोंना रात्र कमी पडेल. खाली हवा खेळेल असा लॅपटॉप उचलून ठेवा.

गाइड म्हणतात नवा घ्या. पैसे असते तर मीही विरोध केला नसता, पण तुमचं मशीन टाकाऊ नाही. आठवी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसते, त्यामुळे त्यात घातलेले पैसे दोन-तीन वर्षं तरी कामी येतील. सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा लॅपटॉप असता तर मी दहादा विचार करायला सांगितलं असतं, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गाइडना एक विचारा मात्र: विभागाच्या भूगोल किंवा संगणक प्रयोगशाळेत ६४ जीबीचं एखादं मशीन शनिवार-रविवार रिकामं असतं का? एकाच प्रबंधासाठी दोन दिवसांचं काम असेल तर ते उसनं मिळालेलं सगळ्यात उत्तम.

राहिला दादा. न सांगता टाकू का, असं तुम्ही विचारलंय. टाकू नका. बिघडण्याची शक्यता फार नाही, कारण ते नाही. पण त्याने विचारलेला प्रश्न रास्त आहे, आणि आता तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे. त्याच्या मनात बहुधा त्याच्या पहिल्या बोनसची ती वस्तू आहे, जीबीचा हिशेब नाही. त्याला सांगा की कंपनीचा आकडा ती स्टिक बाजारात नव्हती तेव्हाचा आहे. जुन्या दोन्ही स्टिक पाकिटात जपून ठेवणार आहे आणि न चालल्यास अर्ध्या तासात लॅपटॉप होता तसा होईल, हेही सांगा. बिलावर परतीचं लिहून घेतलंय ते दाखवा. आणि झाकण उघडाल त्या दिवशी त्यालाच मोबाइलचा टॉर्च धरायला बसवा. तरीही तो नको म्हणाला तर १६ वर डब्ल्यूएसएल आणि स्वॅपचा बदल करून २०० फोटोंचा तुकडा त्याच्यासमोर चालवा. तेवढं काम त्याच्यादेखत पुरं झालं की पुढचं बोलणं सोपं जाईल.

वॉरंटी अजून चालू असलेल्यांनीही जुन्या स्टिक अशाच जपाव्यात. दुरुस्तीला देताना कंपनी मूळच्या स्टिक लावून आणायला सांगू शकते.

पहिली स्टिक बसली की मला दोनच गोष्टी कळवा: मेमटेस्टमध्ये चुका किती आल्या, आणि ४० जीबीवर किती फोटो एका दमात गेले. दुसरी घ्यायची की नाही ते मग ठरवू.